दिगूची पुढची तारीख

माझ्या भावाने जखम लपवली. म्हणून तो गेला.

आज वर्ष झालं, म्हणून खरं लिहितेय.

दिगंबर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. वसमतजवळ आमचं गाव. विहिरीत मोटार उतरवताना पडला, मणका गेला, कमरेखालचं सगळं बधिर झालं.

आई-बाबा आधीच गेलेले. मी कायमची माहेरी आलेली. घरात आम्ही दोघंच.

सहा वर्षं व्हीलचेअर.

मग पुण्यात एका सेंटरला नेलं. आठवडाभर तपासण्या झाल्या आणि त्याला रोबोटिक सूट घातला. पायांना बाहेरून पट्ट्यांनी बांधलेला यंत्राचा सांगाडा. मोटार गुडघा वाकवते, पाऊल पुढे टाकते.

दिगू उभा राहिला.

मला मान वर करावी लागली. हा माझ्यापेक्षा उंच आहे, हे मी विसरूनच गेले होते.

"ताई, तू एवढी बुटकी हायस व्हय गं?"

हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. घामाघूम. हसत होता.

सूट काढल्यावर त्याने फिजिओ मॅडमना विचारलं, "ह्ये घरी नेता येतं का?"

"नाही हो. पण दोन महिन्यांनी परत या, तारीख देते. फक्त कातडी जपा. कुठे जखम दिसली तर मशीनमध्ये उभं करता येणार नाही."

घरी आल्यावर म्हणाला, "ताई, आंघोळीचं आता माझं मी बघतो. किती तकलीफ देऊ तुला?"

मला कौतुक वाटलं. खरं सांगते, थोडं हलकंही वाटलं.

ताप चढला तेव्हा कळलं. सतत बसून बसायच्या जागी हाडापर्यंत जखम झालेली.

"काहून सांगितलं न्हाईस रे?"

"तारीख गेली असती."

नांदेडला ॲडमिट केलं. तिथेही त्याचं तेच. "त्यांना फोन कर. तारीख पुढं ढकला म्हणाव. कॅन्सल नको करू."

मी वॉर्डबाहेर जाऊन फोन केला. मॅडमनी तारीख पुढे ढकलली.

जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

भेटायला आलेली माणसं म्हणाली, सुटला बिचारा. तू बी सुटलीस.

त्याला सुटायचं नव्हतं हो. त्याला परत चालायचं होतं.

आता दर दोन तासांनी कुणाला कुशीवर वळवायचं नसतं. दिवस संपत नाही. घरात आवाज असावा म्हणून टीव्ही लावून ठेवते.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर रोज त्याचं अंग बघा. चिडला तरी बघा.

दिगू, तुझा राग नाही रे. माझाच येतो.

जिथं असशील तिथं सुखी राहा, लेकरा.

तुझी ताई