चिठ्ठीत निघालेली बाजू

कापड विणणाऱ्या लूमच्या तेलाचा वास आला की शाळेतली ती वादविवाद स्पर्धा आठवते. विषय होता, सुरतेत राहावं की गावी परतावं. मला सुरत मुळीच सोडायची नव्हती, पण चिठ्ठीत गावाची बाजू निघाली, म्हणून तीच जोरात मांडली आणि जिंकले. लूमवरची पाळी संपवून आलेले वडील केसांतल्या सुताच्या भुग्यासकट मागे उभे होते. घरी म्हणाले, "पोरी, तू बोलनी ते माले पटनं." मी म्हटलं, "बाबा, ती फक्त चिठ्ठीतली बाजू होती." "मंग खोटं बोलनी का?" महिनाअखेरीस आम्ही सुरत सोडून कायमचे गावी गेलो. लग्न होऊन मी परत इथेच, सुरतेला आले. काल लेकीनंही चिठ्ठीत निघालेली बाजू मांडून वादविवाद जिंकला. सगळे टाळ्या वाजवत होते, माझे हात मांडीवरच पडून राहिले.