महाडला चालायचं

अन्वर गेला.
कुवेतला. दफनही तिथेच झालं, आज सकाळी.

मी पोलादपूरची, तो महाडचा. बारावीनंतर महाडला एकाच कॉम्प्युटर क्लासला होतो.
मी एसटीने यायचे, तो सायकलने, आणि तरी रोज उशीर त्यालाच.

क्लासमधला सी प्लस प्लसचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून चालवणारं सॉफ्टवेअर, जुनाट, कुणीतरी कुठूनसा फ्लॉपीवर आणलेला.
लूपच्या कंसात डिक्लेअर केलेला व्हेरिएबल लूपच्या बाहेर वापरायचा नाही, असा भाषेचा नियम. आमचा कंपायलर खुशाल चालवून घ्यायचा.
सरांचं एकच: "मशीन काही बोललं का? नाही ना? मग बरोबर."
आम्हाला तरी दुसरं मशीन कुठे माहीत होतं!

मग मुंबईच्या एका कंपनीची टेस्ट आली. अन्वरचा व्हिसा तेव्हा तयार होता. अब्बांनी तिकडे गोडाऊनमध्ये काम बघून ठेवलेलं.
"पास झालो ना गो, तर अब्बांना सांगतो, नाय येत मी. मला हितंच ऱ्हायचा हाय."

टेस्टला नवा कंपायलर. आम्ही शेजारी शेजारी.
त्याला एरर. लूपबाहेरचा व्हेरिएबल ओळखतच नाही म्हणे.
बिचाऱ्याने सगळा प्रोग्राम पुसून पुन्हा टाइप केला. अक्षर न् अक्षर तेच. एररही तोच.
"काल हाच चालला गो," माझ्याकडे बघून म्हणाला.
मला कुठे काय कळत होतं? माझा चालला, कारण माझ्या प्रश्नात लूपबाहेर काही लागलंच नाही. निव्वळ नशीब.
तो तिथल्या बाईंना म्हणाला, "मॅडम, महाडला चालतं हे."
त्या हसल्या. वाईट नव्हत्या, त्यांना खरंच हसू आलं.

ते डिक्लेअर करणं तेवढं लूपच्या वरच्या ओळीत न्यायचं होतं. एवढंच. आज मी याच कामावर पोट भरते, आणि अजून डोकं फिरतं.

मी नोकरीला लागले. तो कुवेतला गेला.
सुट्टीवर आला की महाडजवळच्या वीर स्टेशनवरूनच फोन. "काय गो इंजिनेर, माझा एरर गावला का?"
कितीदा समजावलं होतं. तरी विचारायचा.

दुपारी त्याच्या घरी गेले. खाला, म्हणजे त्याची आई, माझा हात सोडेनात.
"तुला कम्प्युटरचं सगळं येतं ना गो? मला त्याचं तोंड दाखव फोनवर. एकदाच."
"खाला, माती झाली त्याची."
"तू बघ तरी."

मी फोन हातात धरून बसून राहिले.
मला काही येत नाही रे, अन्वर.

नीट जा. अल्लाह तुला जवळ घेवो.