दाराखालची फट

आयुष्यात मी एकदाच करवत विकत घेतली, आणि ती मुठीवरची वेलबुट्टी बघून घेतली. हे आधीच कबूल करून टाकते. कारण गेल्या महिन्यात नातवानं मोबाइलवर विजेच्या करवतींची चित्रं माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "आजी, परंड्याचं घर दुरुस्त करायचंय, यातली कुठली घेऊ?" मी चष्मा लावून सगळी नीट बघितली आणि एक निळी पसंत केली. का, तर निळी होती म्हणून. सत्तर वर्षांत अक्कल वाढली ती एवढीच. आम्ही दोघं हसत होतो तेवढ्यात फोन वाजला. परंड्याहून माझ्या शेजारणीची, खैरुनची सून बोलत होती. "नानी, अम्मी गयी..." एवढं म्हणाली आणि पुढं नुसतं रडणं ऐकू आलं. परवा तिला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळीसाव्याला मी परंड्याला आले. आता लिहिते.

लग्न होऊन मी परंड्याला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी सतरा वर्षांची होते. मालक मास्तर होते. नोकरी लांबच्या गावी, आठवड्यातनं एकदा घरी यायचे. घरात सासूबाई आणि मी. परसात न्हाणी होती, पण तिला दार नव्हतं, पोतं टांगलेलं. वारा सुटला की पोतं उडायचं, आणि पलीकडच्या माळवदावर कुणी ना कुणी मिरच्या वाळवत उभं असायचंच. मी एका हातानं अंघोळ करायची आणि दुसऱ्या हातानं पोतं धरायची. नवरीला काय काय हवं असतं... साखळी, पुतळ्या, जोडवी. मला फक्त दार हवं होतं.

भिंतीपलीकडं रहीमचाचांचं घर. चाचा सुतार, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. खैरुन त्यांची लेक, माझ्याच वयाची. लग्न गावातच झालं होतं, पण नवरा हैदराबादला कामाला, म्हणून ती बापाजवळच असायची. लहानपणापासनं करवतींना धार लावायचं काम तिचंच. दुपारी मी भाकरी थापायला बसले की भिंतीपलीकडनं कानशीचा आवाज यायचा, खर्र खर्र, मध्येच थांबायचा, आणि मग "काय कालवण केलं गे?" सासऱ्यांनी हयातीत सागाच्या चार फळ्या जपून ठेवल्या होत्या. खैरुन म्हणाली, आपण दोघी करू दार, अब्बा सांगतील तसं. पण चाचांची करवत धार लावून लावून बोटभर उरली होती. मी माहेरी बार्शीला निघालेच होते. म्हटलं, मी आणते.

चाचांनी मला ओसरीवर बसवून सगळं समजावलं. "बेटी, पातं डोळ्यासमोर धर. सरळ दिसलं पाहिजे. वाकवून सोड, जागेवर परत आलं पाहिजे. वाळल्या सागाला बारीक दात घे, मोठे घेशील तर फळी फाडतील. आणि दात आपल्याकडं बघणारे पाहिजेत. आपली करवत ओढली की कापती." मी मान हलवत होते. लई हुशार होते ना मी, सगळं पाठ केलं.

बार्शीच्या दुकानात दोन करवती होत्या. एक काळी, साधी, बाभळीच्या मुठीची. दुसरी विलायती. आरशासारखं पातं, मुठीवर कोरलेली वेल, तीन पितळी स्क्रू. मी पातं डोळ्यासमोर धरलं, तर त्यात माझंच तोंड दिसलं आणि ते मला बरं वाटलं. झालं, घेतली. बार्शी इंग्रजांची, तेव्हा निजामाच्या हद्दीत शिरताना नाक्यावर कुणी उलटसुलट विचारू नये म्हणून माहेरच्या नव्या लुगड्यात गुंडाळली. घरी येऊन उलगडली तर लुगड्याला ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत जाळी पडलेली. सासूबाई म्हणाल्या, "आणखी एक पोतं झालं न्हाणीला."

खैरुननं करवत हातात घेतली, दातांवरनं अंगठा फिरवला आणि भिंतीला टेकून जी हसायला लागली... "अगे मा, ये क्या उठाके लाई! दात तुझ्याकडं पाठ करून बसलेत की गे!" विलायती करवत ढकलली की कापते. आपण खाली बसून, फळी पायानं दाबून, ओढणारी माणसं. ती म्हणाली, "चार दिवस दे मला. एक एक दात फिरवून देते."

पण मला चार दिवस धीर निघेना, आणि हसलेलंही सलत होतं. दुसऱ्या दिवशी ती दर्ग्यात गेलेली बघून मी एकटीनं फळ्यांची खालची बाजू कापायला घेतली. ढकलायची करवत मी ओढत होते. ती रेघेवर राहीचना. ती म्हणेल तिकडं मी गेले. संध्याकाळी फळ्या मांडून बघितल्या, तर एका कोपऱ्याला वीतभर लाकूड कमी! खैरुननं तोंडात पदर कोंबून हसू दाबलं. मग चार दिवस बसून खरंच सगळे दात फिरवले, बाकीचं दार सुताला सूत जुळवलं आणि खाली ठोकायला पट्टीही कापून आणली. मी म्हटलं, "राहू दे. पाणी जायला ठेवलीय मुद्दाम." ती माझ्याकडं बघत राहिली. "हौ," म्हणाली, "पानी जायला." पट्टी काखेत मारून गेली. पण त्या दिवशी मी दोन्ही हातांनी अंघोळ केली.

पुढं दोनेक वर्षांनी निजामाचं राज्य गेलं. त्या आधीचं वर्षभर भीती आमच्या घरात होती. त्या भाद्रपदात ती भीती भिंत ओलांडून खैरुनकडं गेली. चाचा उन्हाळ्यातच वारले होते, ती एकटीच होती. बाहेरगावची माणसं काठ्या घेऊन गल्लोगल्ली फिरताहेत असं कळलं आणि भर दुपारी ती परसातनं आमच्याकडं आली. सासूबाई सोवळ्याच्या, एरवी तिच्या हातनं घागर घ्यायच्या नाहीत. त्यांनी तिचा दंड धरला, न्हाणीत ओढलं, स्वतःही आत शिरल्या आणि कडी लावली.

मी वळून बघितलं तर दाराखालच्या माझ्या त्या फटीतनं चार पाय दिसत होते. दोन म्हातारे, दोन तरणे.

ओट्यावरचं सूप ओढलं, ज्वारी घेतली आणि फटीला पाठ लावून बसले, पदर मागं पसरून. पाचसहा जण अंगणात आले. "आत कोण हाय?" मी पाखडायला लागले. तेवढ्यात आतनं तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला आणि सासूबाई कडाडल्या, "कोण मेलं आलंय गं? बाईमाणूस न्हातंय, कळत न्हाय व्हय?" एकजण दोन पावलं पुढं आला, सुपाकडं बघत उभा राहिला. मी ज्वारी पाखडतच राहिले. माझा पदर मागं कशाला तरी अडकल्यासारखा झाला. वाटलं, खिळा असेल. मला हलायचंच नव्हतं. सासूबाईंनी तांब्यामागून तांब्या ओतला. शेवटी, "चला रे, म्हातारी न्हातीय," म्हणून ते गेले. गेल्यावरही मी किती वेळ पाखडत होते कुणास ठाऊक. ज्वारीत खडा उरला नव्हता.

नंतरची जवळपास सत्तर वर्षं आम्ही भांडलो, हसलो, एकमेकींची बाळंतपणं केली. माझ्या परसात आली की ती चपलेच्या टोकानं ते दार हलवून बघायची. करवत अजून तिथंच खुंटीला आहे. मुठीवरची वेल माझ्या हातानं नाही, तिच्या हातानं झिजली.

आता नातू विजेची करवत घेऊन आलाय. निळीच आणली माझ्या लाडक्यानं. म्हणतो, आधी न्हाणीच्या दाराला खाली पट्टी मारतो, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. त्यानं विचारलं, का? तेव्हा त्या संध्याकाळचं सांगितलं. खैरुन ओलीचिंब बाहेर आली होती, सासूबाई तिचे केस पुसत होत्या, आणि मी रडत म्हणत होते की उद्याच्या उद्या ती पट्टी आण, आधी ही फट बुजवू. ती माझ्याकडं बघून म्हणाली,

"बुजवू नको गे. तिच्यातनंच तुझा पदर धरून बसले होते मी."