वाळूच्या पिशव्या आणि याकोबमामा

पोस्टकार्ड दुपारच्या डाकेने आलं. आमच्या अमरावतीच्या वसतिगृहात डाक आली की शिपाई पायरीवर बसून नावं पुकारतो. माझं नाव क्वचितच येतं, कारण आमच्या घरात लिहिता येणारा मी एकटाच, आणि मी तर इथे. त्यामुळे नाव ऐकल्याबरोबर मनात चरकलं. कार्ड मार्थाबाईंचं होतं. मिशनच्या दवाखान्यातल्या याकोबमामांच्या त्या पत्नी. मजकूर तीन ओळींचा. ‘यांना चार दिवस ताप आला आणि काल सकाळी प्रभूने नेले. तुझ्या वडिलांना सांगावे. त्यांना डोळा जपायला सांगावे.’ तिसरी ओळ मी बराच वेळ वाचत राहिलो... नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस असं लिहितं, यावरून ते घर कसं होतं हे कळेल.

याला आता दीड महिना झाला. मला लिहिण्याचा सराव नाही, आणि याकोबमामा काही वर्तमानपत्राच्या पुरवणीत नाव यावं असे मोठे गृहस्थ नव्हते. दवाखान्यात ते वॉर्डातले ‘मामा’ होते. लहानपणी मोठ्या दुष्काळात कोणीतरी त्यांना मिशनच्या फाटकाशी ठेवून गेलं. आपलं गाव कोणतं हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पण आमच्या घरातला एक डोळा आणि माझं कॉलेज, ही दोन्ही त्यांच्या पदरची आहेत, म्हणून लिहितो.

आम्ही बार्शीटाकळीकडचे माळी. वांगी, मिरची, आणि विहिरीच्या बाजूला झेंडू-शेवंतीचे वाफे. माझे वडील, त्यांना आम्ही बा म्हणतो, हार असे ओवायचे की बाजारात लोक बघत उभे राहत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गावोगाव फिरणाऱ्या एका वैदूने सुईने उजव्या डोळ्यातला ‘पडदा पाडून’ दिला. महिनाभर बांना लख्ख दिसलं, मग डोळा सुजला आणि कायमचा गेला. डावा डोळाही दोन वर्षांत दुधाळ झाला. तेव्हा मी अकोल्याला मॅट्रिकला बसलो होतो. बा आंधळे झाले तर मळा माझ्याकडे येणार, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मिशनच्या दवाखान्याचा हट्ट मी धरला तो निव्वळ बांसाठी नव्हता. मला पुढे शिकायचं होतं. त्यांचा डोळा मला माझ्यासाठीही हवा होता... हे मी आजवर फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि ते आता नाहीत.

गावात लोक म्हणाले, तिथं गेला की किरिस्ताव करतात. आत्याने तर बांच्या गळ्याला मिठी मारली. पण बा महानुभाव पंथाचे, दर वर्षी रिद्धपूरला जाणारे, आणि स्वभावाने थंड. म्हणाले, “डोळा मले पाहिजे, देव माह्याजवळ हाय.” मूर्तिजापूरहून आम्ही छोट्या रुळांच्या आगगाडीत बसलो आणि दवाखान्यापाशी उतरलो. मे महिन्याचं ऊन. डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर बांचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही. सही करण्याआधी मी तो कागद दोनदा वाचला, कारण वैदूला हो म्हणणाराही घरातलाच होता, आणि तोही शहाणाच समजला जात होता.

फाटकाबाहेर चिंचेखाली आम्हा नातेवाइकांच्या चुली मांडलेल्या असत. पहिल्या दिवशी मी मिरचीची फोडणी घातली आणि पाठीमागून आवाज आला, “अबे पोट्ट्या, चूल उचल. वारा कोन्या बाजूचा हाय ते पाह्य.” बुटके, रुंद खांद्यांचे, डोक्याला पंचा गुंडाळलेले याकोबमामा कमरेवर हात ठेवून उभे होते. “तुही फोडनी डोळ्याच्या वार्डात गेली तं नऊ जनाइले ठसका लागंल. एका ठसक्यात एक डोळा. इथं वऱ्हाडी मानसाची मिरची मीच अडवून राहिलो, नाईतर डॉक्टरीनबाईनं कायले कापत बसावं?” चिंचेखालची माणसं हसून लोळली. त्यांना हसवणं हा मामांचा रोजचा उद्योग होता. नकला करत, गाणी म्हणत, कोणाच्या भाकरीला नाव ठेवत. आणि वॉर्डाच्या दारात पाय ठेवला की तोच माणूस ओल्या पोत्यासारखा सपाट बोलायला लागायचा. मला आधी ते सोंग वाटलं.

ते त्यांचं काम होतं. मोतीबिंदू काढल्यावर रोग्याने सात दिवस उताणं, दोन्ही डोळे बांधून, मान न हलवता पडून राहायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मांजरपाटाच्या लांबट पिशव्या, नदीच्या धुतलेल्या वाळूने भरलेल्या. चावायला मान हलते म्हणून चोचीच्या भांड्यातून फक्त पेज. खोकला, शिंक, हसू, रडू, सगळ्याला बंदी. शेतात राबलेली माणसं काळोखात अशी पडून राहिली की घाबरतात, उठून बसतात, पट्टी ओढतात. म्हणून मामा खाटांमधल्या स्टुलावर बसून दिवसभर बोलत राहायचे, माणसाला सोबत होईल इतकंच आणि हसू येणार नाही असं. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, लागवड कशी करतात, दोर कसा वळतात, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला वाट कशी जाते. कोणी म्हणे, “मामा, बाहेर तं तुमी लय हसवता म्हनतात.” ते म्हणत, “सातव्या दिवशी. तुमच्या नावाची एक गोष्ट बाजूले ठेवली हाय.” आणि खरंच प्रत्येकाच्या नावाची एक गोष्ट ठेवलेली असायची. सकाळी वॉर्डात प्रार्थना होई. ती संपली की बा विचारत, “तुमचं झालं का? आता माहं.” आणि त्यांचं नामस्मरण संपेपर्यंत मामा पेजेचं भांडं हातात धरून गप्प उभे राहत.

बांची शस्त्रक्रिया झाल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मामांनी मला खुणेने बाहेर बोलावलं. नागपूरचं वर्तमानपत्र डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर एक दिवस उशिरा येत असे. त्यात मॅट्रिकचा निकाल होता, नुसते नंबर, ओळीने. माझा नंबर चारशे सव्वीस. मामांनी बोट ठेवून दाखवला. “पास झाला लेका. आता तिकडं विहिरीमागं जा, काय नाचाचं ते नाच, आन् तोंड धुऊन ये. आत बोलाचं नाई. सातव्या दिवसापर्यंत ही बातमी तुह्या पोटात.” मी नाचलो नाही. विहिरीच्या काठावर बसून रडलो, आणि तोंड धुऊन आत गेलो.

माझं काही चुकलं असेल तर पुढे चुकलं. बातमी लपवायची म्हणून मी बोलणंच कमी केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा गावाहून आला आणि सहज मोठ्याने म्हणाला, “मॅट्रिकचा निकाल लागला म्हनतात.” बांनी हात चाचपत माझ्या गुडघ्यावर ठेवला. “निकाल लागला तरी तू गप्प हायेस. समजलो मी. होऊ दे बापू... मळा हाय आपला. तू मनाले लावून घेऊ नको.” आणि त्यांची हनुवटी थरथरली. पास झालो म्हणावं तर आनंदाने उठून बसतील, न म्हणावं तर पट्टीखाली रडतील. डोळा एकच होता. मी धावत मामांना गाठलं.

त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. “खोटं तं मी बोलत नाई,” म्हणाले. मग पंचा परत गुंडाळत, “खरं सांगाची घाई बी नाई करत.” बंगल्यावरून वर्तमानपत्र घेऊन ते आत गेले, बांच्या डोक्याशी स्टूल ओढलं आणि नेहमीच्या ओल्या आवाजात म्हणाले, “माळीबुवा, आज पेपर वाचतो. निकाल हाय. पहिल्यापासून वाचीन. मधात कोनी बोलाचं नाई, नाईतर पुन्हा पहिल्यापासून.” आणि त्यांनी खरंच पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. पाच. नऊ. दहा. चौदा... वाळ्याच्या ताट्यांवर कोणी पाणी मारलं, त्याचा ओला वास आत आला. नंबर चालूच होते. शंभर गेले, दोनशे गेले. तीनशेच्या आसपास पलीकडचा म्हातारा घोरायला लागला. बांचा श्वासही संथ झाला. माझा नंबर त्यांना पाठ होता. परीक्षेला निघताना त्यांनी तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. चारशे लागले तसे त्यांचे ओठ हलायला लागले. चारशे अकरा. चारशे पंधरा. चारशे वीस. चारशे चोवीस. चारशे सव्वीस. चारशे सत्तावीस. चारशे तीस... मामा थांबले नाहीत, आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बांकडे पाहत होतो. मान तसूभर हलली नाही. फक्त डावा हात वर सरकला आणि त्याने वाळूची पिशवी धरली, अशी की बोटं आत रुतली आणि वाळू दोन्ही टोकांना फुगली. मामा शेवटच्या नंबरापर्यंत वाचत गेले, घडी घातली आणि म्हणाले, “कापसाचे भाव उद्या.”

तासाभराने बा हळूच म्हणाले, “मामा, चारशे सव्वीस एकदाच आला ना?”

“एकदाच येत असते, माळीबुवा.”

“मंग ठीक.”

संध्याकाळी पाहिलं तर पिशवीची शिवण उसवून बारीक वाळू चादरीवर सांडत होती. मार्थाबाईंनी ती तिथेच काळ्या दोऱ्याने शिवली. पांढरा दोरा संपला होता.

सातव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. बा बराच वेळ डोळा मिचकावत राहिले. पहिलं माणूस दिसलं ते मामा. बा म्हणाले, “तुमी एवढे बुटके? आवाजावरून मले वाटलं, दाराले डोकं लागत असंल.” मामांनी मग बांसाठी ठेवलेली गोष्ट सांगितली. एका बुवाचा डोळा चांगला झाला, आणि महिन्याने तो भांडायला दवाखान्यात परत आला. ‘वीस वर्सं मी वांग्याची भाजी गोड मानून खाल्ली बाई. आता पाहतो तं भाजीत अळ्या. हा डोळा परत घ्या.’ बा हसले, इतके की पाठ टेकावी लागली. “वांगी माह्याच मळ्यातली असतीन,” ते म्हणाले. सात दिवसांचं हसू होतं ते.

त्यानंतर मामा मला नावाने हाक मारत नसत. “काय चारशे सव्वीस, येऊन राहिला का?” गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भेटलो ती शेवटची भेट. कॉलेजात काय शिकता विचारलं, मी तर्कशास्त्राचा एक धडा म्हणून दाखवला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला. “उत्तम हाय. आमच्या वार्डात तुही नोकरी पक्की. कोनीच हसनार नाई.” निघताना मी त्यांना ती गोष्ट सांगितली, की बांचा डोळा मला माझ्यासाठी हवा होता. ते म्हणाले, “मंग? डोळा तं त्यायलेच लागला ना?” आणि फाटकाकडे वळले.

कार्ड मिळाल्यावर मी गावी गेलो आणि बांना घेऊन दवाखान्यात गेलो. मार्थाबाई शांत होत्या. म्हणाल्या, “तापात एकच विचारत होते, वार्डात खाटांजवळ कोण बसलंय म्हणून. मी म्हणायची, आहे कोणी तरी. खोटंच होतं.” नवा माणूस अजून मिळालेला नव्हता. डोळ्याच्या वॉर्डात त्या दिवशी तीनच रोगी होते आणि स्टूल भिंतीला लावून ठेवलेलं होतं. बा पहिल्या खाटेपाशी थांबले. तिथल्या पिशवीवर काळ्या दोऱ्याची ती शिवण होती. दुसरं टोक मात्र फाटलं होतं, वाळू सांडून पिशवी अर्धी झाली होती आणि रोग्याचं डोकं त्या बाजूला कललं होतं. बांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी रोग्याचं डोकं धरून ठेवलं. बांनी पिशवी उचलली, बाहेरच्या ढिगातून वाळू भरून आणली, टोपीत खोचलेली हार ओवायची सुई काढली. जाड भिंगाचा चष्मा पुढे ओढून दोरा धरला आणि पहिल्याच खेपेला ओवला. शिवण बारीक, सरळ, शेवटी दोन गाठी. पिशवी परत जागेवर बसली तसा मी हात काढला. खाटेवरचा माणूस घाबऱ्या आवाजात म्हणाला, “कोन हाय? मामा आले का?”

बांनी स्टूल ओढलं आणि बसले. “मामा नाई. मी माळी हाय,” ते म्हणाले, आणि तो ओला, सपाट आवाज मी ताबडतोब ओळखला. “मान हलवू नका. वांग्याचं रोप कसं लावतात, ते सांगतो. पहिले वाफा भाजून घ्याचा...”

मी बाहेर चिंचेखाली जाऊन बसलो. वारा वॉर्डाकडे होता. कोणीतरी चूल पेटवत होतं. मी उठून त्याला चूल पलीकडे घ्यायला सांगितलं.