मला 'दाजी' म्हणणारा माणूस

मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेल्या माणसानं जे पाहिलं ते लिहून ठेवावं, म्हणून लिहितोय. म्हणजे... उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या दिवशी रिक्षानं घरी आलो, वाटेत थांबून केळीही घेतली.

संकेत, साक्षात्कार वगैरे मी कधीच मानलं नाही. तीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली. त्या विषयाची पुस्तकं सगळ्यात जास्त फाटतात, एवढाच माझा अनुभव.

आमचं घर मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुसरा मजला. हॉलमधल्या दिवाणावर मी पडलेलो. भेटायला येणारा प्रत्येकजण एक शहाळं आणि स्वतःच्या ऑपरेशनची हकिकत घेऊन यायचा.

सोमवारी चारच्या सुमाराला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, हात रिकामे. खुर्ची ओढून बसले.

"कसं हाय आता, दाजी?"

दाजी म्हणाले, म्हणजे बायकोच्या माहेरचे, देवगाव रंगारीचे. वीणाच्या चुलत-मावस भावांची मोजदाद मी लग्नातच सोडून दिली होती. शिवाय आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला 'आपण कोण?' असं आपल्याकडे विचारत नाहीत. मी "बरंय" म्हणालो. वीणानं चहा दिला, तो पिऊन ते गेले.

मंगळवारी पुन्हा हजर. मला वाटलं, आता पॉलिसी काढणार. काढली नाही. स्वतःच्या ऑपरेशनबद्दलही अवाक्षर नाही. तेव्हा माझा संशय पक्का झाला – या माणसात काहीतरी गडबड आहे.

बुधवारी बसल्या बसल्या म्हणाले, "ताप मोजला का?"

"ताप नाहीये मला."

"मोजा. अन् शनवारपर्यंत थांबू नका, दाजी. आजच दाखवा."

टाके शनिवारी काढायचे होते खरे, पण ते मी यांना सांगितलं नव्हतं.

"जखम कोरडी आहे," मी जरा चिडूनच म्हणालो. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाय बा," म्हणाले, आणि चहा संपवून गेले.

ताप मोजला. शंभर. वीणा पर्स घेऊन दारात उभी.

"अगं, कुणीतरी सांगितलं म्हणून लगेच..."

"चला म्हटलं ना!"

डॉक्टरांनी दाबून पाहिलं, एक टाका उघडला. आतून पू आला. "शनिवारपर्यंत थांबला असतात," ते म्हणाले, "तर आत बसवलेली जाळी काढावी लागली असती. म्हणजे परत ऑपरेशन, आणि यापेक्षा मोठं."

परतताना रिक्षात मी वीणाला म्हणालो, "तुझ्या त्या भावाला फोन करून सांग."

"माझा कोण भाऊ?"

"रोज येतोय तो. देवगावचा."

"काहीतरीच! ते तुमच्याकडचे ना? स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, 'वैनी, साखर नको.' माहेरचं माणूस मला वैनी कशाला म्हणेल?"



देवगावला फोन झाले. माझ्या भावंडांच्या ग्रुपवर विचारून झालं. असा माणूस कुणालाच माहीत नाही. सोसायटीच्या वॉचमनला गाठलं, तर तो उलट माझ्यावरच डाफरला, "साहब, बीमार को देखने कू आया बोले तो किसकू रोकूँ मैं?"

गुरुवारपासून ते गृहस्थ आले नाहीत. चुकून भलत्या घरात शिरले म्हणावं, तर शनिवार त्यांना कसा कळला? आणि पांघरुणाखालची जखम? वीणानं काही सांगितलं असेल म्हणून मी तिची दोनदा उलटतपासणी घेतली. तिसऱ्यांदा घ्यायची हिंमत झाली नाही.

मेहुणीच्या मते साक्षात दत्तगुरू येऊन गेले. तिनं अभिषेकाचा दिवसही काढून ठेवलाय. दत्तगुरू बिनसाखरेचा चहा कधीपासून घ्यायला लागले, असं मी विचारलं. "भावजी, तुम्ही नास्तिक ते नास्तिकच," म्हणाली.

मला आजही काही उलगडा झालेला नाही. जखम छान भरली. मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो, तेव्हा डावीकडेही हर्निया निघाला. त्याबद्दल ते गृहस्थ काही बोलले नव्हते.