डाव्या कानाशी सांगितलेलं

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आमच्या गावात मेजरांची मिरवणूक निघाली तेव्हा कारगिलच्या लढाईतला त्यांचा जो पराक्रम मी माईकवरून सांगितला, तो मला मेजरांनी सांगितला नव्हता. तो मी रचला होता. पुढे खोटं उघडं पडलं आणि गावाने ते मेजरांच्या नावावर टाकलं. मी टाकू दिलं.

मेजर हे मेजर नव्हतेच. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या कुठल्याही माणसाला मेजर म्हणतात. त्याच्या दंडावर काय होतं ते कुणी विचारत नाही. यांचं नाव रंगनाथ, हुद्दा नायकाचा, काम गाडी चालवण्याचं. कुणी "राम राम मेजर" म्हटलं की ते रामराम घेऊन लगेच दुरुस्ती करायचे, "मेजर न्हाई. नायक." सोनईच्या बाजारात कोथिंबीरवालीलाही त्यांनी हे सुनावलं होतं. ती म्हणाली, "मला काय करायचंय बाबा, तुमी जुडी घ्या." मेजरांनी जुडी घेतली आणि जाता जाता पुन्हा म्हणाले, "नायक."

ते निवृत्त होऊन आले तेव्हा मिरवणुकांची पद्धत नव्हती. फाट्यावर एसटीतून उतरले, काळी पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि चालत घरी गेले. पारावरच्या मंडळींनी एवढंच विचारलं, "मेजर, कोटा आणला का?" पुढेही बरीच वर्षं गावाला त्यांच्याशी तेवढंच काम होतं. महिन्यातून एकदा ते भिंगारला मिलिटरीच्या कँटीनमध्ये जायचे. परतीच्या वाटेवर कुणी ना कुणी रमच्या बाटलीच्या आशेने पिशवीत डोकावायचं. मेजर पिशवी उघडून दाखवायचे. "साबन हाय. पायजेल का? आंघोळ करा."

गाडी कुणाचीही असो, तिच्याभोवती एक फेरी मारून प्रत्येक चाकाला बुटाने ठोकल्याशिवाय ते आत बसत नसत. उसाच्या ट्रॉल्या, वऱ्हाडाचा टेम्पो, शिंगणापूरला निघालेल्या पाहुण्यांची नवी कोरी मोटार, सगळ्यांना हा नियम लागू. एकदा त्यांनी एसटीलाही फेरी मारली. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मेजर, डेपोतनं तपासून आणलीय." हे म्हणाले, "डेपोतनं हितवर रस्ता हुता ना मधी?"

मी पाटाच्या कडेला भरतीची अकॅडमी चालवतो. तरुणपणी मी स्वतः भरतीला उभा राहिलो होतो, तळपाय सपाट निघाले म्हणून घरी पाठवलं. ती हौस मी पोरांवर भागवतो. एका पहाटे मेजर मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि पळणाऱ्या पोरांकडे बघत मला म्हणाले, "दिनकर, ही समदी टाचंवर पळत्यात. गुडघं जातील." दुसऱ्या दिवसापासून पोरं त्यांची झाली. फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं पोरं त्यांना उस्ताद म्हणायची, आणि त्याला मात्र त्यांची हरकत नव्हती.

त्यांचा डावा कान गेलेला होता. तो लढाईत गेला असं गाव समजत होतं. खरी हकिकत त्यांनी एकदाच सांगितली. आमचं एक पोरगं भरती होऊन सुट्टीवर आलं होतं. ते म्हणालं, "उस्ताद, आता ट्रेनिंगला हात लावत नाहीत हो. तक्रार करता येते. रविवारी मोबाईलबी मिळतो." बाकीचे हसले. कुणीतरी म्हणालं, "मग ती कसली फौज!" मेजर म्हणाले, "चांगलं झालं." त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं. "ह्यो कान माझ्या उस्तादानं घालवला. कानफटात दिली हुती. बूट नीट बांधला न्हाई म्हनून. ती शिस्त नव्हती, त्याला घरनं तार आलती, त्याचा राग हुता." मग म्हणाले, "लोकं म्हनत्यात मार खाल्ला म्हनून शिकलो. आमी मार खाऊनबी शिकलो, असं म्हना."

त्यांनी कधी कुणा पोरावर हात उगारला नाही. पोरगं उशिरा आलं की त्याला मैदानाची एक फेरी जास्त, आणि त्या फेरीत मेजर स्वतः त्याच्या शेजारी पळायचे. साठीतला माणूस आपल्यापायी धापा टाकतोय हे बघून पोरगं दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायचं. त्यांच्याबरोबर चालायचं तर उजव्या बाजूने, हे पोरांना पहिल्याच दिवशी कळायचं. फेऱ्या संपल्या की मी आणि मेजर पाटावरून परत यायचो. ते पाटाच्या बाजूला, मी त्यांच्या उजवीकडे, उसाच्या बाजूला. आयुष्यात मी एवढं कुणाशी बोललो नसेन.

लढाईबद्दल विचारलं की ते एकच गोष्ट सांगायचे. रात्री दिवे बंद करून डोंगरातून गाड्या न्यायच्या. पुढच्या गाडीच्या पोटाखाली पांढरा रंगवलेला गोळा असतो, नजर फक्त त्या गोळ्यावर. वर जाताना तोफेचे गोळे, खाली येताना जखमी. "मी एक गोळी झाडली न्हाई, दिनकर. गाडी दरीत जाऊ दिली न्हाई. एवढंच."

एवढंच, हे मला पुरेना.

मिरवणुकांचं वेड आलं तेव्हा गावातला एक जवान निवृत्त झाला आणि त्याची जीपमधून वाजतगाजत वरात निघाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लढाई पाहिलेला माणूस तर आपल्याकडे कधीपासून आहे. मेजर नको नको म्हणत होते. मी त्यांना भरीला घातलं. त्या वर्षी अकॅडमीत पोरं कमी होती आणि कारगिलच्या वीराचं नाव मला फलकावर हवं होतं, हेही आता सांगून टाकतो.

फुलांनी मढवलेल्या जीपभोवती मेजरांनी फेरी मारली, चारही चाकं ठोकली. लोक टाळ्या वाजवून हसले. उभं राहायला ते तयार होईनात. "चालत्या गाडीत हुबं राहायचं नसतं," म्हणून ड्रायव्हरशेजारी बसून त्यांनी स्वतःची मिरवणूक पार पाडली. देवळासमोर स्टेज होतं. निवेदन माझं, गावातलं प्रत्येक निवेदन माझंच असतं. मी सांगत सुटलो. शिखर आलं, समोरासमोरची झुंज आली, शत्रूचे सैनिक पडले, तिरंगा फडकला. माणसं रडत होती. मेजर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, मी डायवर हुतो."

मी डीजेवाल्याला हाताने खूण केली.

गाणं दणाणलं, पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. मेजरांचे ओठ हलताना मी पाहिले. गुलाल उडाला, पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

त्या भाषणाची चित्रफीत मोबाईलवरून फिरत फिरत त्यांच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांपर्यंत पोचली. सोनईच्या आठवडे बाजारात, चहाच्या टपरीवर, भरल्या गर्दीत त्यांनी मेजरांना गाठलं. "काय रे रंगनाथ, तू शिखरावर कधी गेलतास? वर गेली ती पोरं परत आली न्हाईत, त्यांच्या वाट्याचं घेतो का?"

मी शेजारीच उभा होतो, हातात चहा. मेजरांनी ग्लास खाली ठेवला, टाचा जुळवल्या.

"न्हाई साहेब. गेलो नव्हतो. चूक झाली."

कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. सुभेदार निघून गेल्यावर लोक माझ्याकडे वळले, "काय हो सर, तुमीच सांगितलं होतं ना?" आणि मी म्हणालो, "मला जे सांगितलं गेलं, ते मी बोललो."

मेजर तेव्हा पाठमोरे होते. डावा कान माझ्याकडे होता. मी त्या कानाच्या भरवशावर बोललो.

ज्या गावाने गुलाल टाकला त्याच गावाने मग चिमटे काढले. "मेजर, आज किती पाडले?" शेंबडी पोरं तोंडाने बंदुकीचे आवाज काढायची. पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुण्यांच्या रांगेत त्यांची खुर्ची असायची, ती त्या वर्षी मांडली गेली नाही. मी माईकवर होतो. झेंडा वर गेला तेव्हा कुंपणाच्या भिंतीपलीकडे, रस्त्यावर, मेजर सावधान उभे दिसले. हात कपाळाशी. मागून उसाची ट्रॉली हॉर्न वाजवत होती. राष्ट्रगीत संपेपर्यंत ते हलले नाहीत.

मैदानावर यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. फक्त "मेजर न्हाई, नायक" म्हणायचं सोडलं. कुणी मेजर म्हटलं की मान हलवून पुढे जायचे. ती दुरुस्ती बंद झाली ते मला चिमट्यांपेक्षा जास्त लागलं.

एका सकाळी परत येताना मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला गेलो. पाटाला पाणी सुटलेलं होतं, त्याचा आवाज होता. मी म्हणालो, "मेजर, डीजेला खूण मी केली होती. आणि बाजारातही मी खोटं बोललो." ते चालत राहिले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "दिनकर, उजवीकडनं चाल. त्या बाजूनं मला कळत न्हाई."

मी उजवीकडे आलो. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, वाट पाहिली. आणि मी म्हणालो, "भरती तोंडावर आलीय, पोरांचं उंच उडीचं बघायला पाहिजे."

"व्हय," ते म्हणाले. "बघू."

त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. दहाव्याला घाटावर त्यांनी घडवलेली पोरं आली होती, काही गणवेशात. श्रद्धांजलीसाठी माईक नेहमीप्रमाणे माझ्या हातात आला. समोर काकू, त्यांची बायको, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं, आता. पण पोरांचे आईबाप समोर होते. "एक शिस्तप्रिय माणूस हरपला," एवढं बोलून मी बसलो. निघताना काकू म्हणाल्या, "दिनकरभाऊ, त्यांनी खोटं का सांगितलं असंल वो? घरात कदी बोलले न्हाईत तसं." मी चप्पल शोधत राहिलो.

अजूनही पाटावरून परत येताना मी उसाच्या बाजूने चालतो. पाटाकडची बाजू मोकळी ठेवतो. मोटारसायकल सुरू करण्याआधी दोन्ही चाकं ठोकतो. पोरं हसतात, मग तीही ठोकतात. कुणी तरी त्या मोकळ्या बाजूने "टाचंवर पळू नका रं" असं ओरडावं म्हणून मी फेऱ्या संपल्यावरही थोडा वेळ थांबतो.

इथे लिहिलं, पण आमच्या गावात हे वाचणारं कुणी नाही, आणि ते माहीत आहे म्हणूनच मला लिहिता आलं. हेही डाव्या बाजूनेच बोलणं झालं. पुढच्या महिन्यात गावातला आणखी एक जवान निवृत्त होऊन येतोय. जीप ठरली, डीजे ठरला, निवेदन माझं आहे. त्याच देवळासमोर, त्याच माईकवरून, काकूंना पुढे बसवून मला सांगायचं आहे: नायक रंगनाथ यांनी लढाईत एकही गोळी झाडली नाही, दिवे बंद करून गाडी चालवली आणि जखमींना खाली आणलं; त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही, खोटं मी बोललो. हे मी त्यांचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.