तीन पानांची भाकरी

माझा एका कादंबरीवर राग आहे. ती वाईट लिहिलेली नव्हती. वाईट असती तर मी दहाव्या पानावर मिटून ठेवली असती आणि प्रकरण तिथंच संपलं असतं.

निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे आणि आत्याच्या घरी राहत असे. पावसाळा सरता सरता मला मुदतीचा ताप आला. या तापावर तेव्हा औषध नव्हतं. मुदत संपेपर्यंत पडून राहायचं आणि धान्याचा कण पोटात जाऊ द्यायचा नाही, एवढाच इलाज. रोग्याला जवाच्या पाण्यावर आणि मोसंबीच्या रसावर ठेवत. हकीमसाहेबांनी आत्याला समजावलं होतं की या तापात आतडं भिजलेल्या कागदासारखं होतं, घट्ट घास गेला की फाटतं. आमच्याच गल्लीत हिमरू विणणाऱ्या एकाच्या मुलाचा ताप उतरू लागला होता. आईला दया आली. तिने अर्धी भाकरी दिली. पोट फुगलं आणि मुलगा गेला. त्याचा जनाजा आमच्या दारावरून गेला. त्या दिवसापासून आत्या दार लावून घेऊन भाकऱ्या थापू लागली.

अशात शाळेत शिकवणारा माझा एक मित्र पुस्तक घेऊन आला. खाटेच्या पायथ्याशी बसून तो खिशातल्या भाजक्या शेंगा फोडत होता.

"वाच," तो म्हणाला. "यातली भूक वाचून मला दोनदा उठून जेवावं लागलं."

हिमालयातल्या बर्फात अडकलेल्या तिघांची ती गोष्ट होती. शिधा संपतो, वाट सापडत नाही, एकेक जण खंगत जातो. त्यातला एक आपल्याकडचा असतो. तो डोळे मिटतो आणि त्याला आईच्या हातची भाकरी आठवते. ही आठवण तीन पानं चालते. परातीत पीठ मळल्याचा आवाज. थापताना बांगड्यांची हालचाल. तव्यावर पाण्याचा हात फिरल्यावर उठणारा वास. फुगलेल्या भाकरीच्या पापुद्र्यात बोट घातल्यावर बाहेर येणारी वाफ, वर लोण्याचा गोळा आणि तो वितळत कडेकडे जाणं.

मी ती पानं वाचली आणि पुन्हा वाचली. तोंडाला पाणी सुटलं, जबडा आपोआप हलू लागला. चुका शोधणं हा माझा धंदा होता, म्हणून मी चूक शोधली. सापडली नाही. मग लक्षात आलं की हे लिहिणारा माणूस जेवून उठलेला आहे. उपाशी माणसाला इतकी वाक्यं सुचत नाहीत. मला सुचत होता एकच शब्द आणि तो मी आत्याकडे बघून दिवसभर म्हणत होतो.

"दे."

"नाय."

"एक तुकडा दे."

"नाय म्हनलं ना. जीव जड झालाय व्हय रं तुला?"

"उपाशी मरण्यापेक्षा खाऊन मेलेलं बरं."

"तू मरशील आन् सुटशील. कन्नडला तुज्या बापाला काय सांगू म्या? भाकर मागत हुता, म्हनून घातली?"

दुसऱ्या दिवशी हकीमसाहेब आले. नाडी धरून त्यांनी माझ्या छातीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं.

"ये क्या पढ़ रहे मियाँ?"

मी सांगितलं. भाकरीची पानंही थोडक्यात सांगितली. सांगताना त्यांचा हात माझ्या मनगटावरच होता.

"नब्ज कूद रई तुम्हारी," ते म्हणाले आणि आत्याकडे वळले. "बाई, रोटी नक्को, दाल नक्को, और ये किताब भी नक्को."

आत्याने ते हुकुमासारखं पाळलं. पुस्तक उचललं आणि फडताळात, भाकरीच्या दुरडीशेजारी ठेवून दिलं. दोन्ही वस्तू तिच्या लेखी सारख्याच झाल्या होत्या.

उपयोग झाला नाही. पानं मला पाठ झाली होती. डोळे मिटले की परात सुरू होई.

एका दुपारी ती हौदावर पाणी आणायला गेली. मी भिंत धरून स्वयंपाकघरात गेलो, फडताळ उघडलं. पुस्तकाला हात लावला नाही. भाकरी सकाळची, गार आणि वाळलेली होती. तरीही मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आधी पापुद्र्यात बोट घातलं. वाफ निघाली नाही. तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावू लागलो.

आत्या दारात कधी आली ते कळलं नाही. तिने घागर खाली टाकली, एका हाताने माझी हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घातलं.

"थुक."

मी दात आवळले. बोट दाताखाली आलं. तिने ते काढून घेतलं नाही.

"चाव. बोट खा पायजे तर. भाकर नाय गिळायची."

तिने सगळा तुकडा उकरून काढला आणि उरलेले कण पदराने पुसले. पदराला रक्त लागलं.

मित्र पुन्हा आला तेव्हा ती बोटाला चिंधी बांधून दारातच उभी राहिली.

"मास्तर, तुमचं बुक घेऊन जावा. गल्लीतनं एक जनाजा गेलाय. दुसरी तिरडी माज्या घरातनं नाय निघू द्यायची."

तो हसला. "आत्याबाई, एवढं हुबेहूब लिहिलंय. त्यात लेखकाचा काय गुन्हा?" मग आत येऊन मला म्हणाला, "तुला भूक लागली ना? मग त्याचं काम झालं."

"भूक मला आधीच होती," मी म्हणालो. "त्याने तिच्यावर आपलं पोट भरलं."

"तू आजारी आहेस."

"म्हणूनच सांगतोय. तू शेंगा खात वाचलंस. तारीफ करणारे सगळे असेच असणार."

त्याने पुस्तक काखेत मारलं आणि निघून गेला. मी अंथरुणावर होतो तोवर तो परत आला नाही.

ताप सुटल्यावरही हकीमसाहेबांनी घाई केली नाही. आधी मुगाच्या डाळीचं पाणी, ते पचल्यावर कुसकरलेला मऊ भात, तोही चमच्याने. पहिला चमचा आत्याने भरवला. तो कोमट होता आणि त्याला काहीच चव नव्हती. वर्णन करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"गिळलंस?"

"गिळलं."

"दुखतंय?"

"नाही."

तिने वाटी झाकून बाजूला ठेवली. "आता मागायचं नाय. मागितलंस तर ही वाटी कुत्र्याला घालीन."

मी मागितलं नाही. ती तिथंच बसून माझ्या पोटाकडे बघत राहिली आणि मीही.